अनुदानाचा अर्ज आणि इनवर्डचा शिक्का

कॉलेज शिक्षकांच्या संशोधन आणि प्रशिक्षण अनुदानांबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या खेपेला लिहिलं होतं. पत्रं आली ती कर्नाटकातल्या निपाणीपासून खानापूरपर्यंतची. पाच निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बहुतेकांचे अर्ज तिथेच अडतात.

पहिलं पत्र: निपाणीच्या कॉलेजात इतिहास शिकवते. तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या बायकांच्या आठवणींवर आयसीएसएसआरकडे (सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाला निधी देणारी केंद्राची परिषद) दोनदा प्रस्ताव दिला, दोन्ही वेळा नामंजूर. कारण कळवलं नाही. मसुदा सोबत जोडते आहे.

मॅडम, तुमचं पहिलं वाक्य आहे, ‘भारत हा कृषिप्रधान देश असून तंबाखू हे एक महत्त्वाचे नगदी पीक आहे.’ तपासणाऱ्यापुढे फायलींची चळत असते. असलं वाक्य त्याने त्याच सकाळी चारदा वाचलेलं असतं. मीही तपासणीला बसलोय, तेव्हा त्या कंटाळ्याची मला चांगली ओळख आहे.

तुमचा खरा प्रश्न चौथ्या पानावर दडून बसलाय. १९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन शेतकऱ्यांचं म्हणून सगळ्यांना आठवतं. त्याच काळात वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाईच्या घरी काय चाललं होतं? हे पहिल्या ओळीत आणा. लगेच खाली लिहा, की तेव्हा पंचविशीत असलेली बाई आज सत्तरीच्या घरात आहे. हे काम आत्ताच का करायचं, हे मग वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

आता खर्चाचा तक्ता. ‘प्रवास ५०,०००, संकीर्ण ३०,०००’ एवढंच लिहिलंय. तुम्हीच म्हणता ४० मुलाखती, प्रत्येकी दीड तास. म्हणजे ६० तासांचं रेकॉर्डिंग. एक तासाचं बोलणं कागदावर उतरवायला निदान पाच तास जातात. झाले ३०० तास. तेही मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडात शिरणारं बोलणं, म्हणजे दोन्ही भाषा येणारं माणूस हवं. तुमचा सगळ्यात मोठा खर्च हाच आहे आणि तक्त्यात त्याचं नावही नाही. ‘संकीर्ण’ हा शब्द दिसला की तपासणाऱ्याला वाटतं, यांनी अजून कामाचा विचारच केलेला नाही.

दुसरं पत्र: आमचं कॉलेज खानापूर तालुक्यात आहे. प्राचार्य म्हणतात, ‘आपल्याला टू-एफ आहे, ट्वेल्व्ह-बी नाही, सोडून द्या.’ खरं आहे का?

अर्धं खरं. १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्यातल्या कलम २(एफ) ने कॉलेजला मान्यता मिळते, पण केंद्राच्या अनुदानाला पात्र व्हायचं तर १२(बी) लागतं. आधी ऑफिसात ते पत्र खरंच नाही का, हे स्वतः बघा. जुन्या हेडक्लार्कच्या कपाटातून ते निघाल्याचं मी दोनदा पाहिलंय. नसेलच, तर प्रकल्प विद्यापीठाच्या विभागामार्फत पाठवायची वाट शोधा. राणी चन्नम्मा विद्यापीठ बेळगावजवळच आहे, एका दिवसात जाऊन येता येतं. विभागप्रमुखांना फोनवर विचारू नका. दोन पानांचं टिपण घेऊन समोर बसा.

याच पत्रात आणखी एक शंका आहे: शिवाजी विद्यापीठाच्या योजनेत अर्ज करता येईल का? विद्यापीठ स्वतःच्या निधीतून पैसे देतं ते आपल्या संलग्न कॉलेजांच्या शिक्षकांना. कोल्हापूर आपल्याला कितीही जवळचं वाटलं तरी तुमची संलग्नता बेळगावची आहे. कोल्हापूरच्या प्राध्यापकाबरोबर सहसंशोधक म्हणून काम करा.

तिसरं पत्र: चिकोडीत रसायनशास्त्र शिकवतो. प्रमोशनसाठी कोर्स करायचेत, त्याला अनुदान कुठून मिळतं?

सर, दोन गोष्टींची गल्लत होतेय. प्रमोशनला लागणारे ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे कोर्स आहेत, त्यासाठी प्रकल्पाचा प्रस्ताव लागत नाही. शिक्षकांना प्रशिक्षण देणारी पूर्वीची एचआरडीसी केंद्रं २०२३ पासून मालवीय मिशनच्या नावाने चालतात. त्यांच्या पोर्टलवर नाव नोंदवा. ऑफलाइन कोर्स असेल तर ओओडीचा (कॉलेजबाहेरच्या कामावर हजर धरण्याचा) अर्ज आधी मंजूर करून घ्या. परत आल्यावर मागितलेली ओओडी म्हणजे हमखास कटकट.

प्रयोगशाळेत काम करायचं मनात असेल तर ‘टेअर’ ही योजना पाहा. राज्य विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या कायम शिक्षकांनी आयआयटीसारख्या संस्थेत जाऊन संशोधन करावं म्हणून ‘सर्ब’ या केंद्राच्या विज्ञान संशोधन मंडळाने ती काढली: मुदत तीन वर्षं, दरवर्षी ५ लाख संशोधनाला आणि ६०,००० फेलोशिप. सर्ब आता एएनआरएफ या केंद्राच्या नव्या संशोधन प्रतिष्ठानात गेलंय, तेव्हा नवी जाहिरात आणि अटी तिथेच बघा. चिकोडीहून धारवाडची आयआयटी काही फार लांब नाही. पण आधी तिथला शास्त्रज्ञ गाठा. यजमानाच्या संमतीशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि ही संमती शेवटच्या आठवड्यात मिळत नसते.

चौथं पत्र: गेस्ट लेक्चरर आहे, नऊ वर्षं झाली. पीएचडी आहे. माझ्यासाठी काही आहे का?

बहुतेक योजना कायम शिक्षकांनाच, हे कटू आहे आणि मला ते पटत नाही. नऊ वर्षं शिकवणाऱ्याला ‘गेस्ट’ म्हणणं ही थट्टाच. विषय सामाजिक शास्त्रांतला असेल आणि वय बसत असेल, तर आयसीएसएसआरची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप बघा. ती पूर्णवेळ असते, म्हणजे तास सोडावे लागतील. घरी हिशेब मांडूनच ठरवा. परत आल्यावर तास मिळतीलच याची हमी कोणी देत नाही.

पाचवं पत्र: प्रकल्प मंजूर झाला! पैसे येण्याआधी काय करू?

अभिनंदन. खातं संस्थेच्या नावे, नोंद पीएफएमएस या सरकारी निधीच्या पोर्टलवर, आणि ऑफिसातल्या सुपरिंटेंडंटशी गोडीगुलाबी. पत्रव्यवहार कन्नडात करावा लागेल. मराठीत विचार करून कन्नडात पत्र लिहिताना माझी नेहमी फजिती व्हायची. शेवटी कन्नड विभागातल्या मित्राकडे मसुदा देऊ लागलो. पोच घेताना इनवर्ड (आवक) नंबर आणि तारीख आपल्या प्रतीवर टाकून घ्या. नुसता गोल शिक्का चालत नाही.

पावत्या संस्थेच्या नावावर घ्या. माझ्या पहिल्या प्रकल्पात टेपरेकॉर्डरची पावती मी घाईत स्वतःच्या नावाने घेतली. ऑडिटने ती रक्कम अमान्य केली आणि मी ती पगारातून भरली. टेपरेकॉर्डर मात्र कॉलेजच्या डेडस्टॉकला, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीत, लागला! खात्यावर पडलेलं व्याजही आपलं नसतं, ते परत करायचं असतं. बारा-ए नमुन्यातलं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कसे खर्च झाले याचा दाखला) भरताना व्याजाचा आकडा लागेल, म्हणून बँकेचं स्टेटमेंट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच काढून ठेवा. मे महिन्यात सी.ए. भेटला तरी प्राचार्य गावाला गेलेले असतात.