टाकून झालेली सौर केबल कमी जाडीची निघाली. पुरवठादाराचं बिल अडवता येईल का?

प्रश्न: आमची कंपनी मोठ्या सौर प्रकल्पांची विद्युत कामं घेते. चालू प्रकल्पासाठी ६ चौरस मिलिमीटरची डीसी केबल सर्वांत कमी दर देणाऱ्या पुरवठादाराकडून घेतली. बरीचशी टाकून झाली. पहिल्या पावसानंतर अनेक स्ट्रिंगांचा (एका ओळीत जोडलेल्या पॅनेलांचा) इन्शुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे केबलच्या आवरणाची वीज गळू न देण्याची क्षमता, घसरला आणि इन्व्हर्टर ट्रिप होऊ लागले. न उलगडलेल्या एका ड्रममधला तुकडा प्रयोगशाळेत दिला, तर कंडक्टरचा रोध किलोमीटरला ३.९ ओहम आला. पुरवठादार म्हणतो, तुमच्या इंजिनिअरने कारखान्यात येऊन माल पास केलाय, आता तक्रार चालणार नाही. आम्ही शेवटचं बिल अडवलं, तर त्याने सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याखाली व्याजासह मागणीची नोटीस पाठवली. प्रकल्पमालक आमची बँक गॅरंटी वटवायची म्हणतोय. आम्ही काय करावं? पुढच्या टप्प्यासाठी पुरवठादार निवडताना काय बघावं?

उत्तर: तुमची परचेस ऑर्डर, तपासणी अहवाल आणि नोटीस वाचली. तुमची बाजू टिकण्यासारखी आहे. मात्र बिल अडवून गप्प बसल्याने रोज तुमचंच नुकसान होतंय, ते आधी थांबवायला हवं.

तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे तो ३.९ ओहमचा अहवाल. सौर प्रकल्पात वापरतात त्या टिनचा मुलामा दिलेल्या, बारीक तारांच्या तांब्याच्या ६ चौ.मि.मी. कंडक्टरचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे ३.३९ ओहमच्या वर जाता कामा नये. तुमचा आकडा १५ टक्क्यांनी जास्त आहे. तांबं चोख असेल तर ६ च्या नावाखाली जेमतेम सव्वापाच चौ.मि.मी. तांबं आलंय, नाहीतर धातूतच खोट आहे. अहवालात मोजणीचं तापमान आणि २० अंशांना केलेलं रूपांतर नोंदवलंय ना, तेवढं तपासून घ्या. उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येईल.

आता ‘माल पास केला’ या बचावाकडे येऊ. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १६(२) प्रमाणे माल बाजारात चालण्याजोग्या दर्जाचा असावा लागतो. त्याला अपवाद असा की, खरेदीदाराने माल तपासला असेल तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते, त्यांच्याबद्दल नंतर तक्रार करता येत नाही. पुरवठादार याचाच आधार घेतोय. पण तुमच्या इंजिनिअरने सही केलेल्या अहवालात तीनच गोष्टी आहेत: बाहेरचा व्यास, केबलवरची छपाई आणि ड्रमची लांबी. कंडक्टरचा रोध मोजलेलाच नाही. बाहेरून व्यास मोजून आतलं तांबं किती, हे कळत नाही; इन्शुलेशन जाड केलं की व्यास बरोबर भरतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कलम १५. वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, आणि या कलमाला तपासणीचा तो अपवाद नाही. तुमच्या ऑर्डरमध्ये ‘६ चौ.मि.मी., टिन्ड कॉपर, आयएस १७२९३’ (सौर केबलचं भारतीय मानक) असं स्पष्ट लिहिलंय. हे वर्णनच आहे. म्हणून तुमच्या उत्तरात कलम १५ पहिलं घ्या, १६ नंतर.

पाणी लागल्यावर इन्शुलेशन घसरतं, ही तक्रार वेगळी मांडा. तिथे पुरवठादार म्हणेल की केबल ओढताना खरचटली, कनेक्टर नीट क्रिम्प केले (दाबून बसवले) नाहीत. त्यात थोडंफार तथ्य निघूही शकतं. न उलगडलेल्या ड्रममधल्या तुकड्यांची पाण्यात बुडवून चाचणी करून घेतली, तर हा वाद बराच मिटेल. दोन्ही दोष एकाच परिच्छेदात कोंबलेत, तर तुमचा पक्का मुद्दाही कच्च्याबरोबर वाहून जाईल.

माल परत करता येईल का? जी केबल कापून चरात टाकली, ती कलम ४२ प्रमाणे तुम्ही स्वीकारली, असंच न्यायालय म्हणेल. ती नाकारायचा हक्क गेला. नुकसानभरपाई मागायचा किंवा किमतीतून वजावट घ्यायचा हक्क कलम ५९ खाली शाबूत आहे. उरलेल्या ड्रमचं उत्तर करार अखंड आहे की लॉटनिहाय (प्रत्येक खेपेपुरता वेगळा), यावर ठरेल. तुमच्याकडे प्रत्येक लॉटचं वेगळं चलन आणि वेगळं बिल आहे, त्यामुळे ते ड्रम नाकारायला जागा आहे. ते पत्र याच आठवड्यात जाऊ द्या. नाकारलेला माल परत पोचवायची जबाबदारी तुमची नसते, तो तुमच्या गोदामात राहू द्या.

नोटिशीबद्दल मला खरी काळजी वाटते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात, माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. करारात मुदत कितीही असो, पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात. चुकलं तर बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. तुमचा पहिला लेखी आक्षेप शेवटच्या लॉटनंतर दीड महिन्याने गेलाय. तोवर फोनवर बोलणं झालं, पण फोनवर बोलणं म्हणजे लेखी हरकत नव्हे. त्या १५ दिवसांतला एखादा ईमेल किंवा व्हॉट्सॲप संदेश सापडतो का, साइटवरच्या प्रत्येकाला विचारा. सापडला तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह जपा. शिवाय हा पुरवठादार स्वतः उत्पादक आहे की व्यापारी, आणि त्याची उद्यम नोंदणी (लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) तुमच्या कराराआधीची आहे का, हे बघा. त्याला हा कायदा लागू होतो की नाही, यावर तिथे लढता येतं. प्रकरण सुविधा परिषदेकडे (याच कायद्याखाली थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या संस्थेकडे) गेलंच, तर तिथेच प्रतिदावा, म्हणजे तुमची उलट मागणी, मांडता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते मान्य केलंय. परिषदेचा निवाडा विरोधात गेला, तर त्याला आव्हान देण्यासाठी ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. म्हणून परिषदेची नोटीस आली की गैरहजर राहू नका.

ग्राहक आयोगाचा विचार सोडून द्या. ही व्यापारी खरेदी आहे.

बँक गॅरंटी वटवणं थांबवायला न्यायालय सहसा तयार होत नाही. उघड फसवणूक किंवा भरून न येणारी हानी दाखवावी लागते, आणि तुमच्या प्रकरणात दोन्ही दिसत नाही. म्हणून मालकाला आजच लेखी कळवा: कोणते ब्लॉक बाधित आहेत, केबल कोणत्या क्रमाने बदलणार, किती दिवस लागतील. याचा दुसराही फायदा आहे. करार कायद्याच्या कलम ७३ खाली भरपाई ठरवताना, नुकसान आटोक्यात ठेवायला तुम्ही काय केलंत, हे बघतात. नवी केबल, मजुरी, चर पुन्हा उकरणं हा थेट खर्च मागता येईल. बुडालेल्या वीजनिर्मितीचे पैसे मिळणं अवघड आहे, कारण ऑर्डरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘अप्रत्यक्ष हानीची जबाबदारी नाही’ असं छापलंय.

दोष असलेली केबल उपसण्याआधी पुरवठादाराला तारीख देऊन बोलवा, त्याच्यासमोर नमुने सील करा, ड्रम क्रमांक लिहा, आणि चाचणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करा. तो आला नाही, तर गैरहजेरीचा पंचनामा करा.

पुढच्या टप्प्याचं सांगतो. पुरवठादार भरवशाचा आहे की नाही हे वकील कागदावरून ओळखतो, आणि ते कागद माल निघायच्या आधीच तुमच्या हातात असायला हवेत. बीआयएस परवान्यावर ज्या कारखान्याचा पत्ता आहे, तिथूनच माल निघतो का, आणि तुम्हाला हवा तो आकार त्या परवान्यात आहे का, हे बघा. या वेळी तुम्हाला दिलेला टाइप टेस्ट अहवाल (त्या प्रकारच्या केबलच्या नमुन्याची संपूर्ण चाचणी) ४ चौ.मि.मी. केबलचा होता, तुमची ऑर्डर ६ ची. तो त्याच वेळी कुणी उघडून वाचला असता, तर हा माल आलाच नसता. प्रत्येक ड्रमच्या क्रमांकासह रोध आणि इन्शुलेशनचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. साइटवर आलेल्या कोणत्याही ड्रमचा नमुना काढायचा हक्क करारात लिहून घ्या, आणि ती चाचणी माल पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत संपेल असं वेळापत्रक बांधा. टाकणं म्हणजे स्वीकारणं नव्हे, असं कलम हवं. कायद्याने गृहीत धरलेल्या अटी करारातून काढून टाकता येतात, तेव्हा पुरवठादाराच्या छापील अटींमध्ये तसं वाक्य दडलेलं नाही ना, तेही बघा. पंचवीस वर्षांच्या वॉरंटीत फक्त ‘केबल बदलून देऊ’ एवढंच असेल, तर उकरणं, ओढणं आणि जोडणीचा खर्चही त्यात लिहून घ्या. त्या वॉरंटीमागे निदान सुरुवातीच्या काही वर्षांची बँक गॅरंटी मागा. मसुदा तयार झाला की ऑर्डर देण्याआधी मला दाखवा.