घरबसल्या उत्पन्नासाठी डायरेक्ट सेलिंग किंवा नेटवर्क मार्केटिंगमध्ये जावं का?

तुम्ही लिहिलंय की नणंदबाई एका कंपनीत वर्षभर काम करतायत, तुम्हाला त्यांच्या हाताखाली जॉइन व्हायला सांगतायत, त्यासाठी आधी १८ हजारांचा माल उचलावा लागेल आणि ‘दोन माणसं जोडलीत की तुमचे पैसे वसूल’ असं त्या म्हणतायत. सासूबाईंना हा धंदा वाटतो, तुमच्या मिस्टरांना फसवणूक. माझं म्हणणं सांगते: विकायची आवड असेल तर जरूर विका, पण हे १८ हजार भरू नका.

मी सांगलीत कर सल्लागार म्हणून काम करते. दरवर्षी विवरणपत्रांच्या दिवसांत या कामातल्या बायका माझ्याकडे येतात, बहुतेक जणी कमिशनवर कापलेला टीडीएस परत मिळवायला. कंपनीच्या ॲपमध्ये कमिशन दिसतं, २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कापलेल्या कराच्या नोंदीत दिसतं, त्यामुळे आपण कमावतोय याबद्दल त्यांच्या मनात शंका नसते. मग मी विचारते, वर्षभरात स्वतःच्या आयडीवर, म्हणजे सभासद क्रमांकावर, माल किती घेतलात? इथे त्या थांबतात, कारण तो खर्च कुणी लिहूनच ठेवलेला नसतो. तो ‘घरातलंच सामान’ म्हणून सोडून दिलेला असतो.

एक मांडणी करून बघा. समजा, आयडी चालू राहावा म्हणून महिन्याला ३,००० रुपयांची खरेदी करावी लागते. तेवढाच साबण, टूथपेस्ट, चहा किराणा दुकानात १,२०० रुपयांत आला असता. म्हणजे १,८०० जादा गेले. कमिशन आलं १,५००. हिशेब इथेच ३०० रुपयांनी उणे झाला, आणि अजून पेट्रोल, मीटिंगचा चहा-नाश्ता, पुण्याच्या सेमिनारचं तिकीट, कपाटात मुदत संपत चाललेले प्रोटीन पावडरचे डबे धरलेलेच नाहीत. अपलाइन, म्हणजे जिने तुम्हाला जोडलं ती, याला गुंतवणूक म्हणते. वहीत तो तोटाच लागतो.

या धंद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मी नीट ऐकला आहे. टीव्हीवरच्या जाहिरातींचा आणि दुकानदाराचा पैसा वाचतो, तो विकणाऱ्याला मिळतो. बाईला घराबाहेर पडता येतं, चार लोकांसमोर बोलता येतं. यातला शेवटचा भाग खरा आहे. ज्या बाईला घरात कुणी दोन वाक्यं पूर्ण बोलू देत नाही, तिच्यासाठी स्टेजवर टाळ्या वाजतात, ही साधी गोष्ट नाही. पण जाहिरातीचा वाचलेला पैसा वरच्या कितीतरी पातळ्यांत वाटला जातो आणि वस्तू तरीही महागच राहते. म्हणून बाहेरचं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, आणि माल शेवटी सभासदच एकमेकांत घेत राहतात.

खरा प्रश्न हाच आहे: पैसा कुणाच्या खिशातून येतो? आपल्याकडे घरून साड्या विकणाऱ्या, मसाले करून देणाऱ्या बायका पिढ्यान् पिढ्या आहेत. हेही थेट विक्रीच. साडीवालीला नफा देते ती साडी नेसणारी बाई, आणि तिला स्वतः साड्या विकायच्या नसतात. तुमच्या नणंदेला पैसे मिळणार ते तुमच्या १८ हजारांतून, तुम्हाला मिळणार ते तुमच्या जावेच्या किंवा मैत्रिणीच्या. प्रत्येकाने सहा जण जोडायचे म्हटलं तर सातव्या पातळीला २,७९,९३६ माणसं लागतात. तुमच्या तालुक्याच्या गावात एवढी माणसं तरी आहेत का?

अमेरिकेत यावर मोठा खल झाला आहे. तिथल्या व्यापार आयोगाने, म्हणजे एफटीसीने, २०१६ मध्ये हर्बालाइफ या नेटवर्क मार्केटिंग कंपनीशी तडजोड केली. कंपनीला २० कोटी डॉलर भरावे लागले, आणि वितरकांना मिळणाऱ्या मोबदल्यातला किमान दोन तृतीयांश भाग पडताळता येणाऱ्या किरकोळ विक्रीवरच द्यायचा अशी अट आली. याच आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी २०२४ मध्ये ७० एमएलएम (म्हणजे नेटवर्क मार्केटिंग) कंपन्यांनी स्वतःच जाहीर केलेले उत्पन्नाचे तक्ते तपासले. बहुतेक सभासदांना वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते, आणि बऱ्याच तक्त्यांत त्यांचा खर्च वजाच केलेला नव्हता. माझ्याकडच्या वह्या मला वेगळं काही सांगत नाहीत.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो तेही बघा. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम आणले. त्यानुसार थेट विक्री वैध आहे; पिरॅमिड योजना आणि पैसे फिरवण्याच्या योजना, म्हणजे नव्या सभासदांच्या पैशांतून जुन्यांना पैसे देणाऱ्या योजना, नाहीत. विक्रेत्याकडून प्रवेश किंवा नोंदणी फी घेता येत नाही. १८ हजार नावाला ‘माल’ असला, तरी तो घेतल्याशिवाय आयडी मिळत नसेल तर माझ्या मते ती फीच झाली. आणि ‘दुसऱ्यांना आणा, तुमचे पैसे वसूल होतील’ असं सांगून खरेदी करायला लावणं या नियमांत बसत नाही. नणंदबाईंचं वाक्य जवळजवळ शब्दशः तेच आहे. त्यांना हे माहीत नसणार, त्यांना वरून जसं शिकवलं तसं त्या बोलतायत. त्याहून जुना १९७८ चा कायदा आहे. त्यात पैसे फिरवणारी योजना चालवणंच नव्हे, तिचं सभासद होणंही गुन्हा आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे उद्या कंपनीवर गुन्हा दाखल झाला तर ‘आम्ही नुसते जोडले गेलो होतो’ एवढं म्हणून सुटका होईलच असं नाही.

मला सर्वांत जास्त काळजी पैशांचीही नाही. नात्यांची आहे. पहिल्या मीटिंगला वहीत शंभर ओळखीची नावं लिहायला लावतात. त्या दिवसापासून भिशीतली मैत्रीण, शाळेच्या फाटकावर भेटणारी आई, माहेरची वहिनी ही सगळी ‘प्रॉस्पेक्ट’, म्हणजे जोडता येण्याजोगी माणसं, होतात. हळदीकुंकवाला बोलावून प्लॅन दाखवला की पुढच्या वर्षी बायका काहीतरी कारण काढून येत नाहीत. सहा महिन्यांनी तुम्ही बाहेर पडू शकता, पण त्या बायकांना तुमचा फोन उचलताना वाटणारी धास्ती इतक्यात जात नाही.

नणंदेला नकार देणं सोपं नाही, हे मला कळतं. वाद घालू नका, कंपनीला नावं ठेवू नका. ‘ताई, तुमच्याकडून एखादी वस्तू आवडली तर मी विकत घेईन, पण आयडी घेणार नाही’ एवढंच म्हणा, आणि ते पाळा. जमलं तर एखाद्या दुपारी दोघी मिळून त्यांच्या वर्षभराच्या खरेदीची बिलं आणि मिळालेलं कमिशन समोरासमोर लिहून काढा. त्यांनाही ते कधी कुणी करून दाखवलेलं नसेल.

आणि हे वाचेपर्यंत तुम्ही पैसे भरून बसला असाल, तर आधी करार शोधा. दंड न भरता बाहेर पडण्याची मुदत आणि विकण्याजोगा माल परत घेण्याची तरतूद त्यात असायला हवी. अर्ज तोंडी नको, लेखी द्या, डब्यांची सील फोडू नका, पावत्या जपा. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवा.