कॅनडात हेलिकॉप्टर निरीक्षक होऊ पाहणाऱ्या मेजरसाहेबांना

मेजरसाहेब, नमस्कार.

नाशिकच्या गांधीनगरला हेलिकॉप्टर शिकलात, चीता आणि ध्रुववर सियाचिनला उडालात, वय अडतीस, सेवा संपत आली. कॅनडात येऊन थेट सरकारी हेलिकॉप्टर सुरक्षा निरीक्षक होता येईल का, आणि ते काम असतं तरी काय, असं तुम्ही विचारलंत. मी जुहूहून बॉम्बे हायच्या रिगवर माणसं ने-आण करायचो. तिथून इकडे आलो आणि आता हेच काम करतो.

थेट होता येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. कायदा आडवा येतो म्हणून नाही. उलट २०२१ पासून केंद्र सरकारच्या नोकरभरतीत कायम रहिवाशाला नागरिकाइतकंच प्राधान्य मिळतं. पण या पदाला गोपनीयतेची मंजुरी लागते आणि त्यासाठी मागच्या दहा वर्षांचा तुमचा माग काढतात. फौजेतल्या माणसाची बरीच वर्षं अशा ठिकाणी गेलेली असतात की जिथला कागद सहज मिळत नाही. शिवाय जाहिरातीत कॅनडाचं हेलिकॉप्टर लायसन्स मागतात, तेही इथल्या उड्डाणाच्या अनुभवासह.

तेव्हा क्रम असा ठेवा. डीजीसीएचं, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, नागरी लायसन्स भारतातच हातात घ्या. इथे त्याच्या आधारावर लेखी परीक्षा, कॅटेगरी १ मेडिकल (व्यावसायिक पायलटची वैद्यकीय तपासणी) आणि फ्लाइट टेस्ट द्यावी लागेल. वेळ दवडू नका, कारण एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कायम रहिवासासाठी गुणांवर निवड करणाऱ्या पद्धतीत, वयाचे गुण तिशीपासून उतरतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात. फ्रेंचचं म्हणाल तर ओटावा आणि क्वेबेकमध्ये ती बहुतेक लागतेच. व्हँकुव्हर, एडमंटन, विनिपेगकडे इंग्रजीवर भागणाऱ्या जागा निघतात. पगाराचे आकडे निरीक्षकांच्या कामगार संघटनेच्या करारात जाहीर असतात, ते तिथेच पाहा.

आता काम. कॅनेडियन एव्हिएशन रेग्युलेशन्सच्या सातव्या भागात कंपन्यांचे वर्ग आहेत. ७०२ म्हणजे हवाई कामं: दोरीखाली सामान टांगून नेणं, वणव्यावर बकेट ओतणं, विजेच्या तारांची पाहणी. ७०३ आणि ७०४ मध्ये प्रवासी येतात. मोठ्या विमान कंपन्यांना, म्हणजे ७०५ ला, स्वतःची सुरक्षा व्यवस्थापन यंत्रणा उभारणं सक्तीचं आहे. बहुतेक हेलिकॉप्टर कंपन्यांना तशी सक्ती नाही. त्यामुळे जे तिथे यंत्रणेने पकडायचं, ते इथे पुष्कळदा निरीक्षकाच्याच नजरेला पडावं लागतं.

दिवसाचा मोठा भाग कागदात जातो, आणि तो मला कधीच कंटाळवाणा वाटला नाही. एक उदाहरण देतो. तीन हेलिकॉप्टरांची कंपनी, ऐन वणव्याचा मोसम. एका तरुण पायलटचं लाँग-लाइनचं, म्हणजे लांब दोरीला सामान टांगून उडण्याचं, प्रशिक्षण एका तारखेला पूर्ण झाल्याची नोंद होती, खाली सही होती. मी त्याच तारखेचा जर्नी लॉग, म्हणजे हेलिकॉप्टरच्या उड्डाणांची नोंदवही, काढला. त्या दिवशी तो दीडशे किलोमीटर लांब आगीवर उडत होता. मालक म्हणाला, पोरगा उत्तम उडतो. खरंच उत्तम उडत होता, मी स्वतः पाहिलं. तरीही फाइंडिंग, म्हणजे नियमभंगाची अधिकृत नोंद, लिहिलं, सुधारणेचा आराखडा मागवला, आणि आराखडा आल्यावर पुन्हा जाऊन ते प्रशिक्षण डोळ्यांनी बघितलं. मालक बराच काळ माझ्याशी तुटक बोलायचा. ते सोसायला लागतं.

इतकं ताणायचं कशाला, असं वाटेल. ३१ मे २०१३ च्या मध्यरात्रीनंतर ओंटारियोतल्या मूसोनीहून ऑर्न्ज या हवाई रुग्णसेवेचं एस-७६ हेलिकॉप्टर रुग्ण आणायला निघालं. धावपट्टीचे दिवे मागे पडल्यावर खाली जंगल आणि मिट्ट काळोख. वळताना हेलिकॉप्टर खाली उतरतंय हे वेळेत कळलं नाही. दोन पायलट, दोन पॅरामेडिक, चौघेही गेले. अपघात तपास मंडळाचा अहवाल २०१६ मध्ये आला, त्यात १४ शिफारशी होत्या. मला त्यातली सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट वेगळीच आहे. त्रुटी निरीक्षकांना आधीच दिसल्या होत्या. कंपनी सुधारायला राजी होती, म्हणून आमचं खातं, म्हणजे ट्रान्सपोर्ट कॅनडा, तिच्या कलाने घेत राहिलं, आणि त्रुटी तशाच राहिल्या. इथे रुजू होणाऱ्या प्रत्येकाने तो अहवाल अथपासून इतिपर्यंत वाचावा असं मला मनापासून वाटतं. तुम्ही तर येण्याआधीच वाचा.

फौजेतून आलेल्यांना एक गोष्ट जड जाते. तिथे हुकूम दिला की विषय संपतो. इथे मी एखाद्याचं प्रमाणपत्र निलंबित करण्याची नोटीस काढली तर तो वाहतूक अपील न्यायाधिकरणात जाऊ शकतो, आणि तिथे माझं प्रत्येक वाक्य तपासलं जातं. म्हणून ‘निष्काळजीपणा आढळला’ असं लिहायचं नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या नोंदीत, कोणत्या कलमाविरुद्ध काय आढळलं, तेवढंच लिहायचं.

तुमची खरी पुंजी बर्फावरचं उड्डाण आहे. पांढऱ्या उजेडात जमीन आणि आभाळ एक झालं की काय होतं, हे सियाचिनच्या पायलटला शिकवायला नको. उत्तरेकडच्या कंपन्यांना अशी माणसं हवी असतात. मात्र दाराबाहेर मान काढून शंभर फूट दोरीच्या टोकाकडे बघत उडणं वेगळं, ते नव्याने शिकावं लागेल. लहान कंपनीत तीन-चार वर्षं ते करा, मोसमात घरापासून आठवडेच्या आठवडे लांब राहायची तयारी ठेवा. वहिनींना हे आत्ताच सांगा, इथे आल्यावर नको.

आणि लॉगबुकचं प्रत्येक पान युनिट सोडण्याआधी साक्षांकित करून घ्या. माझ्या जुन्या कंपनीकडून दोन वर्षांच्या तासांचा दाखला मिळवायला मला अकरा महिने लागले, आणि तेवढा काळ लायसन्सची फाइल इथे तशीच पडून होती.