ऋणात राहण्यापेक्षा चार ओळी लिही

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

ज्या बाईंनी तुझा प्रबंध दोनदा वाचून दुरुस्त करून दिला, त्यांचे आभार मानायचे राहून गेले आणि आता सात महिन्यांनी लिहिणे बरे दिसेल का, असे तू विचारले आहेस. अवश्य लिही, आणि कागदावर हाताने लिही. उशिराचा उल्लेख एका वाक्यात कर आणि पुढे जा. क्षमायाचनेतच अर्धे पान गेले, तर पत्र त्यांच्याविषयीचे न राहता तुझ्याविषयीचे होते.

'आभार मानून परके करू नकोस' असे म्हणणारे तुला भेटतील. 'मी तुमच्या ऋणात राहणेच पसंत करीन' हे तर भाषणांतले ठरलेले वाक्य आहे. मला ते कधीच पटले नाही, कारण आपण नेमके काय केले आणि ते कुणाच्या कसे उपयोगी पडले, हे त्या माणसाला त्यातून कळतच नाही.

अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला सांगितली, वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज घ्यायला लावला आणि मग वाचणाऱ्यांनाच विचारले. वाचणाऱ्यांना झालेला आनंद अंदाजापेक्षा जास्त होता, अवघडलेपणा कमी. लिहिणाऱ्यांना शब्द नीट जमतील का याची धास्ती होती. वाचणाऱ्यांच्या मनात राहिली ती आपुलकी. त्या प्रयोगातली पत्रे ई-मेलने गेली होती, त्यामुळे हाताने लिहिण्याचा आग्रह त्या प्रयोगाचा नव्हे, माझा स्वतःचा समज. मोबाइलवरचा निरोप दिवसभराच्या इतर निरोपांखाली जातो. कागद पुस्तकात किंवा खणात राहतो आणि पुन्हा हाती लागतो. शिवाय हात सावकाश चालतो, म्हणून पुढचा शब्द लिहिण्याआधी तो खरा आहे का, हे तपासायला सवड मिळते.

एक चूक माझ्याकडून झाली आहे. नोकरीच्या सुरुवातीला मदत करणाऱ्या अकरा जणांना मी एकच मजकूर, फक्त नावे बदलून, सुंदर अक्षरात लिहून पाठवला. त्यांतले दोघे शेजारीशेजारी बसत. त्यांनी दोन्ही पत्रे एकमेकांना दाखवली, आणि त्यानंतर त्यांच्या बोलण्यात आलेला कोरडेपणा मला अजून बोचतो.

म्हणून 'आपल्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल मनःपूर्वक आभार' हे वाक्य लिहू नकोस. ते कुणालाही चालते, म्हणून कुणाचेच नसते. त्याऐवजी असे लिही: 'तिसऱ्या प्रकरणाच्या समासात तुम्ही पेन्सिलीने "हे तुला कशावरून कळले?" असे विचारले होते. त्या प्रश्नामुळे मी ते अख्खे प्रकरण नव्याने लिहिले, आणि तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त चर्चा त्याच प्रकरणावर झाली.' एवढे पुरे आहे. शेवटी 'यापुढेही असेच सहकार्य लाभावे' हे जोडू नकोस, कारण त्या एका ओळीने आभाराचा अर्ज होतो. शिफारसपत्र हवे असेल, तर ते पुढे कधीतरी स्वतंत्रपणे माग.

साधा कोरा कागद चालेल. मजकूर आधी कच्चा लिहून घे, पण पक्क्या कागदावर एखादा शब्द चुकला तर एक रेघ मारून पुढे लिही. सगळे पान पुन्हा उतरवत बसल्यास पत्र आणखी महिनाभर पडून राहील. खाली तारीख आणि पूर्ण नाव घाल. बाईंचा सध्याचा पत्ता माझ्याकडे आहे, तो सोबतच्या चिठ्ठीवर लिहिला आहे.

तुझा हितचिंतक