आईच्या हिरड्यांतून रक्त येतं. क्लोरहेक्सिडीन सोडून कडुनिंब-त्रिफळ्याच्या चुळा भरल्या तर घातक जंतू आटोक्यात येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ६१. ब्रश करताना रक्त येतं. दवाखान्यातून मिळालेलं क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश त्यांनी तीन महिने वापरलं. दात तपकिरी पडले, वरण-भाताचीही चव लागेना, म्हणून बाटली बंद केली. आता शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून कडुनिंबाचा काढा सुरू करायचा विचार आहे, आणि त्याने जंतू खरंच मरतात का ते तुम्हाला हवंय.

मी दातांची डॉक्टर. हिरड्यांच्या आजारांत एमडीएस केलं आणि सोळा वर्षं तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. काकूंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण आधी त्या तीन महिन्यांबद्दल बोलू.

क्लोरहेक्सिडीन हे साधारण दोन आठवड्यांचं औषध आहे. दाताला आणि गालाच्या आतल्या त्वचेला ते चिकटून राहतं आणि पुढचे कित्येक तास हळूहळू सुटत राहतं. हाच त्याचा गुण आणि हाच दोष. चहातली टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, त्याच्यामुळे दातावर धरली जातात आणि तपकिरी थर बसतो. दिवसाला चार कप चहा आणि दोनदा ही चूळ, म्हणजे डाग पडणारच. डाग वरवरचे असतात, पॉलिशिंगने निघतात. चवही बाटली बंद केल्यावर परत येते. तेव्हा औषधाचा दोष कमी आणि ते किती दिवस घ्यायचं हे कुणी नीट सांगितलं नाही, हा दोष जास्त. आमच्या व्यवसायात ही चूक फार होते. चिठ्ठीवर नाव लिहितात, मुदत लिहीत नाहीत, आणि माणूस बाटलीमागून बाटली आणत राहतो.

आता वनस्पतींकडे. प्रयोगशाळेतल्या थाळीत त्यांनी जंतू मरतात का? मरतात. एमडीएसला असताना मी हे डोळ्यांनी पाहिलंय. अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, थाळीवर दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सची पेरणी करायची, अगारमध्ये छोटे खड्डे पाडायचे, त्यांत कडुनिंबाचा, त्रिफळ्याचा, लवंगेचा अर्क सोडायचा आणि थाळी रात्रभर उबवणीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी खड्ड्याभोवती स्वच्छ कडं दिसतं, तेवढ्या भागात जंतू वाढलेले नसतात. ते कडं मिलिमीटरमध्ये मोजायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, झालं, औषध सापडलं.

पण थाळीतले जंतू त्या अर्काच्या शेजारी अख्खा दिवस बसलेले असतात. तोंडात तो अर्धा मिनिट राहतो, त्यात लाळ मिसळते, मग आपण थुंकतो. शिवाय थाळीत जंतू उघडेच असतात. दातावर ते स्वतः बनवलेल्या चिकट थरात राहतात. म्यूटन्स तर आपण खाल्लेल्या साखरेपासूनच तो डिंक तयार करतो. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला धरलेली बुळबुळीत शेवाळ आठवा: वरून औषध ओतलं तर वरचा थर मरतो, खालची शेवाळ तशीच राहते, आणि शेवटी काथ्या घेऊन घासायलाच उतरावं लागतं.

आणि आईंचं दुखणं म्यूटन्सचं नाहीच. हिरड्यांमागे असतात ते वेगळे जंतू, पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस आणि त्याचे सोबती. त्यांना हवा सोसत नाही. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत, खाली, अंधारात ते राहतात. आम्ही मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळई त्या फटीत अलगद सरकवून खोली मोजतो. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर जाते. चार-पाच किंवा त्याहून जास्त गेली, की तिथे पॉकेट झालं म्हणायचं. चूळ हिरडीच्या कडेखाली जेमतेम शिरते. पाच मिलिमीटरच्या तळाशी जाणार नाही, मग ती क्लोरहेक्सिडीनची असो, कडुनिंबाची असो की गंगाजळाची. तिथे कीटण साचलेलं असेल तर ते हत्याराने काढावंच लागतं. या सफाईने, म्हणजे स्केलिंगने, दात हलायला लागतात असं आई म्हणतील, सगळ्याच म्हणतात. दात आधीच सैल झालेले असतात. कीटणाने त्यांना धरून ठेवलेलं असतं आणि ते काढल्यावर खरी परिस्थिती समोर येते, एवढंच.

पण दुखणं अजून खोल गेलं नसेल, नुसती कडेची सूज असेल, तर? तेव्हा चुळेचा थोडा उपयोग आहे, आणि घासण्याचा त्याहून कितीतरी जास्त. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅरल्ड लो आणि सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. पुढे १९७० मध्ये लो यांनीच दाखवलं, की न घासताही दिवसातून दोनदा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनची चूळ भरली तर थर साचत नाही. तेव्हापासून प्रत्येक नवीन चूळ त्याच्याशी ताडून पाहतात. म्हणून वनस्पतींवरच्या प्रत्येक लेखात 'क्लोरहेक्सिडीनइतकंच गुणकारी' हे वाक्य तुम्हाला वाचायला मिळतं. आपल्याकडच्या कॉलेजांतून असे बरेच अभ्यास होतात, पण बहुतेक काही डझन माणसांवर आणि दोन-चार आठवड्यांचे. शिवाय अभ्यासात नाव घातलं की माणूस घरी जास्त मन लावून घासतो, मग त्याला नुसतं रंगीत पाणी दिलं तरी हिरड्या सुधारतात. आणि कडुनिंबाच्या कडूपणापुढे कोणाला काय दिलंय हे लपवणार कसं?

गंमत अशी, की सर्वांत जास्त पारखून घेतलेली वनस्पतीजन्य चूळ बहुतेकांना वनस्पतीजन्य वाटतच नाही. लिस्टरीन. १८७९ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला डॉ. जोसेफ लॉरेन्स यांनी शस्त्रक्रियेतलं जंतुनाशक म्हणून ते बनवलं. नाव सर्जन जोसेफ लिस्टर यांच्यावरून पडलं. त्यातले चार मुख्य घटक म्हणजे थायमॉल, मेंथॉल, युकॅलिप्टॉल आणि मिथिल सॅलिसिलेट. आता हेच आजीच्या भाषेत वाचा: ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल, निलगिरी आणि गंधपुऱ्याचं तेल. अर्ध्या गोष्टी अमृतधारेच्या बाटलीत सापडतील. आता ही द्रव्यं बहुधा कारखान्यात बनतात, पण रेणू तोच. अशा तेलांच्या चुळांवर सहा-सहा महिन्यांच्या चाचण्या झालेल्या आहेत. थर कमी करण्यात क्लोरहेक्सिडीन त्यांच्यापेक्षा सरस ठरतं, पण लांबच्या वापरात हिरड्यांची सूज पाहिली तर दोघांत फारसा फरक उरत नाही, आणि तेलांच्या चुळेने दात तपकिरी होण्याचा त्रास कितीतरी कमी. मूळ प्रकारात अल्कोहोल भरपूर असतं. आईंचं तोंड कोरडं पडत असेल किंवा जळजळत असेल तर बिनअल्कोहोलचं घ्या. म्हणजे बाजारातून काही आणायचंच असेल तर माझं पहिलं बोट याच वर्गाकडे जाईल. मात्र ही फुलं दुकानातून आणून घरी मिश्रण करू नका. गंधपुऱ्याचं तेल थोडं जरी पोटात गेलं तरी विषारी ठरतं.

त्रिफळ्याबद्दल माझं मत बरं आहे. हिरडा, बेहडा, आवळा, तिन्हींत टॅनिन असतात. ती हिरडीला आखडून घेतात, जंतूंच्या चिकटण्यात अडथळा आणतात. नावातच हिरडी घेऊन आलेला हिरडा तेवढं काम करतो. एक चमचा चूर्ण कपभर पाण्यात उकळून अर्धं करा, फडक्याने गाळा, कोमट झाल्यावर ब्रशनंतर थोड्या वेळाने अर्धा-एक मिनिट तोंडात खळखळवा आणि थुंका. रोज ताजा करा. काढ्यात कसलंच टिकाऊ द्रव्य नसतं, दोन-तीन दिवस ओट्यावर राहिलेल्या काढ्यात जंतू मरायच्या ऐवजी पोसले जातात. लोखंडी भांडं नको, टॅनिन आणि लोह भेटले की शाई होते. आणि क्लोरहेक्सिडीन चालू असताना त्रिफळा नकोच. चहाने जे केलं तेच हा करेल.

कडुनिंब चालेल, पण कमी उत्साहाने सांगते. पानं कोणत्या ऋतूतली, कोवळी की जून, त्यावर काढा बदलतो, आणि इतक्या कडूपणाला माणूस आठवड्याभरात कंटाळतो. कडुनिंबाची काडी मला काढ्यापेक्षा जास्त पटते, कारण ती चावून तिचा कुंचला होतो आणि त्याने घासलं जातं. फक्त हिरडीवर आडवी रगडायची नाही. चरकसंहितेत दातवणाच्या झाडांत करंजाबरोबर कण्हेर आणि रुईसुद्धा आहे, तेव्हा यादी वाचून स्वतः प्रयोग करू नका, दोन्ही विषारी आहेत. बिनसाखरेच्या ग्रीन टीने चूळ भरली तरी काही बिघडत नाही.

लवंगेच्या तेलापासून मात्र जपा. त्यातलं युजेनॉल जंतुनाशकही आहे आणि वेदनाशामकही. आमच्या दवाखान्यात शिरल्यावर जो ठरावीक वास येतो तो त्याचाच, तात्पुरत्या सिमेंटमध्ये ते असतं. पण निव्वळ तेलाचा बोळा दाढेशी रात्रभर धरून सकाळी गाल आणि हिरडी पांढरी भाजलेली घेऊन आलेली माणसं मी दर वर्षी बघते.

वनस्पतीचं म्हणजे निरुपद्रवी, हे डोक्यातून काढायला अमेरिकेतलं एक उदाहरण पुरेसं आहे. तिथे ब्लडरूट नावाच्या झाडाच्या मुळाचा अर्क हिरड्यांसाठी पेस्टमध्ये आणि माउथवॉशमध्ये घालत. १९९९ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी मांडलं, की वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला, हिरडीजवळ पांढरे चट्टे येणाऱ्या रुग्णांत ती उत्पादनं वापरणारे फार आढळतात. असे चट्टे कर्करोगाकडे झुकू शकतात. पुढे तो अर्क त्या उत्पादनांतून काढून टाकला गेला. आणि आपल्याकडची मिश्री? तीही वनस्पतीच, भाजलेली तंबाखू. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे, पण तव्यावर भाजायला कोण अडवतं? एक मावशी तावातावाने आल्या होत्या: "मॅडम, मिश्री होती तवर एक थेंब रक्त नव्हतं. तुमचं ऐकून सोडली आणि रक्त सुरू झालं." त्यांचं निरीक्षण अचूक होतं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आजार आत चालू राहतो आणि रक्त दिसत नाही. मिश्री सुटली की हिरडीला रक्तपुरवठा परत मिळतो आणि लपलेलं दुखणं बाहेर येतं. आईंनी कधी मिश्री लावली असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगू द्या.

तुमच्यासाठी क्रम असा. आधी सळईने खोली मोजून घ्या, स्केलिंग आणि पॉलिशिंग करा, डागही त्यातच जातील. मऊ ब्रश दोन वेळा, रात्रीचा चुकवायचा नाही. दातांच्या फटींसाठी छोटा इंटरडेंटल ब्रश आणा, या वयात हिरडी खाली सरकून फटी मोठ्या झालेल्या असतात आणि ब्रशचे केस तिथे पोहोचत नाहीत. पहिले काही दिवस रक्त जास्त दिसेल, त्याला घाबरून घासणं सोडायचं नाही. जोडीला त्रिफळा किंवा तेलांची चूळ, दोन्हींतली एक. सुरुवातीला नुसत्या कोमट मिठाच्या पाण्यानेही भागतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारते. आईंना साखर किंवा बीपी आहे का? साखर ताब्यात नसेल तर हिरड्या बऱ्या होत नाहीत. आणि बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर त्यानेही काहींच्या हिरड्या फुगतात, दातांवर चढतात, आणि त्यांच्याखाली थर साचून रक्त येतं. तसं असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका, बदलता येते का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. दवाखान्यात जाताना घरातल्या गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. नुसतं 'ती पांढरी छोटी गोळी' म्हणून सांगितलं तर आम्हाला काही कळत नाही.