आजोबा पायलट नव्हते, मग लिहायचं काय?

प्रश्न : काका, माझे आजोबा हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झाले. गेल्या वर्षी ते गेले. वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायची असं घरात ठरलंय आणि लिहायचं काम माझ्यावर आलंय. एका जुन्या फोटोत ते नॅट विमानाच्या कॉकपिटमध्ये बसलेत, त्यामुळे गावात सगळे त्यांना पायलट समजतात. डिस्चार्ज बुकात मात्र ट्रेड ‘आर्मामेंट फिटर’ असा आहे. आत्या म्हणते, १९७१ च्या युद्धात श्रीनगरला परमवीर चक्रवाल्या सेखोंच्या विमानात गोळ्या आजोबांनीच भरल्या होत्या, ते छापायचंच. आजोबा स्वतः नोकरीबद्दल फारसं बोलले नाहीत. घरातला पाना जागेवर नसला की जेवायला बसायचे नाहीत आणि रंगपंचमीला कुणी पिचकारी तोंडावर धरली की ओरडायचे, एवढंच मला आठवतं. यातून काय लिहू? – एक नात, कराड

उत्तर : पोरी, शेवटच्या वाक्यात ‘एवढंच’ म्हणून जे सांगितलंस, सुरुवात तिथूनच कर. मी इंजिन फिटर. नोकरीभर आर्मामेंटवाल्यांच्या, म्हणजे विमानाच्या तोफा-दारूगोळा सांभाळणाऱ्यांच्या शेजारी उभा राहिलोय. तोफ रिकामी आहे हे स्वतःच्या हाताने तपासलेलं असलं, तरी तिच्या तोंडासमोरून जायचं नाही, हे त्या लोकांच्या अंगात भिनलेलं असतं. अशा माणसाला पिचकारीची नळीसुद्धा खुपते. आणि पान्याचं म्हणशील तर काम संपलं की आमची हत्यारं मोजली जायची. एक जरी कमी भरलं, तर सापडेपर्यंत विमान जागचं हलत नसे. कारण विसरलेला पाना हवेत कंट्रोलमध्ये अडकला तर पायलटचा जीव जातो. तुमच्या घरी जेवण थांबायचं ते यामुळे.

आता फोटो. भिंग घेऊन बघ. डोक्यावर हेल्मेट आहे? ऑक्सिजन मास्क आहे? साधा ओव्हरऑल दिसत असेल तर प्रश्नच मिटला. जमिनीवरच्या तपासणीसाठी आमच्यातला कुणी ना कुणी कॉकपिटमध्ये बसतच असे. फोटो जरूर छाप, पण खाली ‘पायलट’ लिहू नको. पायलट अधिकारी असतो, त्यामुळे सार्जंट हा हुद्दा बघून कुठलाही माजी सैनिक लगेच हसेल. आपल्याकडे हवाई दल म्हटलं की लोकांना फक्त उडणारा दिसतो, खालचे हात कुणी विचारत नाही. त्यात तुझ्या पुस्तिकेने भर घालू नये.

त्यापेक्षा नॅटबद्दल लिही. इंग्लंडच्या फॉलंड कंपनीचं हे चिमुकलं लढाऊ विमान आपल्या हिंदुस्तान एअरोनॉटिक्सने (एचएएल) बंगळूरला बांधलं. इतकं बुटकं, की बरीचशी कामं जमिनीवर उभं राहून उरकायची. त्याला ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा. एकेक तोफ मिनिटाला हजाराहून जास्त गोळ्या झाडणारी, म्हणजे भरलेला सगळा माल काही सेकंदांत खलास. १९६५ च्या युद्धात नॅटने पाकिस्तानची सेबर विमानं पाडली आणि ‘सेबर स्लेअर’ म्हणजे सेबरचा कर्दनकाळ असं नाव कमावलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच लढाईत ऐन वेळी तोफा अडकल्याच्या तक्रारीही झाल्या, हे मात्र कमी लोक सांगतात. समोर शत्रू आणि तोफ गप्प! ती तोफ उघडायची, साफ करायची, गोळ्यांचा पट्टा कडी न् कडी बघून भरायचा, हे आजोबांचं काम. पुस्तिकेची दोन पानं यावर खुशाल खर्च कर.

एक गोष्ट त्यात घालच, फॉर्म ७००. ही विमानाची वही. उड्डाणाआधी इंजिन, एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), आर्मामेंट अशा प्रत्येक ट्रेडचा माणूस आपलं काम तपासून तीत सही करतो. शेवटी पायलट सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. काही बिघडलं तर पहिल्यांदा ती वही उघडतात. आजोबांनी अशा किती सह्या केल्या असतील, मोजदाद नाही.

सेखोंचं जपून. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी नॅट उडवलं. समोर सहा सेबर होती. हवाई दलाचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. ते १८ स्क्वाड्रनचे. आजोबांच्या कागदात तेव्हा हीच स्क्वाड्रन आणि श्रीनगर दिसलं, तर ‘त्या दिवसांत ते श्रीनगरला होते’ असं बेधडक लिही. त्या विमानात गोळ्या कुणी भरल्या, हे आत्याच्या सांगण्यावरून छापू नको. तो मान दुसऱ्याच कुणाचा असला तर त्याच्या नातवंडांनी काय करायचं?

कागद मिळवायचे तर आजीच्या नावाने अर्ज कर. तिच्या पेन्शनच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, आजोबांचा सर्व्हिस नंबर सापडेल. पत्र दिल्लीच्या सुब्रोतो पार्कमधल्या वायुसेना अभिलेख कार्यालयाला जातं. मजकूर जमत नसेल तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे मदत होते. उत्तराला वेळ लागतो, म्हणून आजच टाक. पदकंही काढून बघ. ‘पश्चिमी स्टार’ असेल तर ७१ ला ते पश्चिम आघाडीवर होते, ‘पूर्वी स्टार’ असेल तर आत्याची श्रीनगरची गोष्ट तिथेच बारगळते. ‘संग्राम मेडल’ दोन्ही आघाड्यांकडच्या लोकांना मिळालं, त्यावरून आघाडी कळत नाही. पदकाच्या कडेवर किंवा मागे नंबर कोरलेला असतो, तोही लिहून घे. आणि चिंचेने, पितांबरीने घासायला घेऊ नकोस. अक्षरं झिजतात.

उरलं ते आजीकडे आहे. तिला ‘युद्धाबद्दल सांग’ म्हणशील तर ती ‘काही नाही गं’ म्हणेल. क्वार्टरमध्ये चूल होती की स्टोव्ह, ब्लॅकआउटला काचांवर काय चिकटवलं होतं, दारासमोरचा खंदक कुणी खणला, बदली झाली की ट्रंकेत आधी काय जायचं, असं विचार. काळी ट्रंक माळ्यावर असणारच. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव-नंबर असेल, जुन्या पत्त्यांवर नवे पत्ते चढवलेले असतील. उन्हात नेऊन तिरका फोटो काढ, खालची अक्षरं बऱ्याचदा वाचता येतात. जेवढी गावं लागतील तेवढी क्रमाने मांड आणि आजीला दाखव. क्रम चुकला असेल तर ती सांगेल.