वाचकांचे प्रश्न: जनित्र फिरते, पण दिवा लागत नाही

प्रश्न: विज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यावर बारीक तांब्याच्या तारेचे २०० वेढे घेतले आणि आत खिळ्याला चुंबक चिकटवून तो फिरवला. तार कोठेही तुटलेली नाही, तरीही टॉर्चचा बल्ब लागत नाही. काय चुकले असावे?
– एक शिक्षिका

उत्तर: प्रथम तारेची टोके पाहावीत. या तारेवरचा वीज अडवणारा मुलामा तांब्याच्याच रंगाचा असल्याने ती उघडी वाटते, पण तो पॉलिश पेपरने खरवडून तांबे लख्ख दिसेपर्यंत काढल्याशिवाय जोड लागत नाही.

तरीही बल्ब लागेलच असे नाही, कारण अडचण बल्बच्या निवडीतही आहे. तारेचा व्यास पाव मिलिमीटर आणि एका वेढ्याची लांबी २५ सेंटिमीटर धरली, तर २०० वेढ्यांना ५० मीटर तार लागते व तिचा रोध (विजेला होणारा अडथळा) सुमारे १७ ओहम होतो. २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा बल्ब पूर्ण उजळायचा, तर पाच व्होल्ट त्या तारेतच खर्ची पडतील, आणि हाताने फिरवलेल्या जनित्राला ते झेपणारे नाही. त्याऐवजी लाल एलईडी घ्यावा. त्याला सुमारे दोन व्होल्ट लागतात, पण विद्युतधारा काही मिलिअँपिअरच पुरते, त्यामुळे तारेत फारसे व्होल्ट खर्ची पडत नाहीत आणि अधिक व्होल्ट मिळवण्यासाठी वेढे निर्धास्तपणे ६००-७०० पर्यंत वाढवता येतात. मात्र सर्व वेढे एकाच दिशेने घ्यावेत. मध्येच दिशा उलटली, तर एका भागातील विभवांतर (व्होल्टेज) दुसऱ्या भागातील विभवांतराला मारते.

चुंबकांची मांडणीही तपासावी. खिळ्याच्या दोन बाजूंचे चुंबक एकमेकांना ओढणारे हवेत, म्हणजे एकीकडे उत्तर ध्रुव बाहेर येतो व दुसरीकडे दक्षिण. एकमेकांना ढकलणारे चुंबक बळेच चिकटवलेले असतील, तर दोन्हींचे परिणाम बहुतांशी एकमेकांना रद्द करतात.

वेगाचे महत्त्व मुलांना आवर्जून दाखवावे. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांना १८३१ मध्ये एका वेटोळ्याचा परिपथ बॅटरीला जोडताना आणि तोडतानाच शेजारच्या वेटोळ्याला जोडलेल्या विद्युतधारादर्शकाचा काटा हललेला दिसला होता; चुंबकीय क्षेत्र बदलते तेव्हाच वीज निर्माण होते, आणि ते जितक्या झपाट्याने बदलेल तितके विभवांतर अधिक. म्हणून खिळा बोटांनी न फिरवता हातड्रिलमध्ये पकडून फिरवावा.

माझ्या मते एलईडी जोडण्यापूर्वी मल्टीमीटर (विभवांतर मोजणारे उपकरण) लावणे उत्तम, म्हणजे वेग वाढताच आकडा चढताना मुलांना दिसेल. मात्र तो एसीवर (दिशा बदलणाऱ्या धारेच्या मापनावर) ठेवावा. येथे धारेची दिशा सतत उलटत असल्याने डीसीवर (एकाच दिशेच्या धारेच्या मापनावर) आकडा शून्याच्या आसपासच राहतो.